पीएच.डी. झाली, पुढे काय? प्राध्यापकीबाहेरच्या वाटांची ओळख

चिखली, कुदळवाडी, तळवडे, जाधववाडी, मोशी या पट्ट्यात मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातून कामासाठी आलेली असंख्य कुटुंबे राहतात. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतल्या पाळ्या, घरकुलातले किंवा भाड्याचे घर आणि मुलांचे शिक्षण यांवर त्यांचा संसार उभा आहे. अशा घरातली मुलगी किंवा मुलगा पीएच.डी. होतो तेव्हा चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो, विहारात सत्कार होतो. त्यानंतर भेटेल तो एकच विचारतो, "मग, कुठल्या कॉलेजला लागलात?"

पीएच.डी. म्हणजे प्राध्यापकी आणि प्राध्यापकी मिळाली नाही तर सगळे शिक्षण वाया, असे या प्रश्नात आधीच धरलेले असते. आमच्या मते ही समजूत आपल्या तरुणांचे मोठे नुकसान करते. डॉक्टरेट मिळवलेला माणूस एखादा प्रश्न नीट मांडू शकतो, पुरावा गोळा करू शकतो, तो तपासून निष्कर्ष काढू शकतो आणि ते सगळे लिहून दुसऱ्याला पटवू शकतो. या कौशल्याला महाविद्यालयाबाहेरही मागणी आहे, आणि त्यातली बरीच चिखलीपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. त्या वाटा कोणत्या, तिथे जायला काय लागते आणि आपल्या तरुणांपुढे तिथे कोणते अडथळे येतात, हे आम्ही या लेखात एकत्र मांडत आहोत.

प्राध्यापकीचा दरवाजा अरुंद का झाला?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या नियमांत विद्यापीठ विभागांतल्या सहायक प्राध्यापकपदासाठी जुलै २०२१ पासून पीएच.डी. सक्तीची केली होती. अनेकांनी त्या भरवशावर संशोधनाला नोंदणी केली. सक्ती आधी जुलै २०२३ पर्यंत पुढे ढकलली गेली आणि मग ३० जून २०२३ च्या दुरुस्तीने काढूनच टाकली. आता थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक आहे. म्हणजे ज्या पदवीसाठी पाच-सहा वर्षे दिली, ती नियमाने आवश्यक राहिलेली नाही.

दुसरीकडे महाराष्ट्रात महाविद्यालयांतल्या रिक्त जागांचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत पडला आहे. मधली पोकळी तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांकडून भरून काढली जाते. त्यांना घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात, सुट्टीचे मिळत नाहीत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा लागतो. कायम जागेसाठी संस्थेत पैसे मागितले जातात, ही तक्रारही नवी नाही. ज्या घरात कारखान्याच्या पगारावर सगळे चालते, तिथे हे पैसे आणायचे कुठून?

फेलोशिप असेपर्यंत हे चटके जाणवत नाहीत. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन फेलोशिप महिना ३७,००० रुपये आणि वरिष्ठ फेलोशिप ४२,००० रुपये आहे. ती साधारण पाच वर्षे चालते. बार्टीच्या फेलोशिपसाठी तर आपल्या विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले. पण जी मिळते तीही एक दिवस थांबते. तेव्हा वय तिशीच्या पुढे गेलेले असते, आई-वडील थकलेले असतात आणि लहान भावंडांचे शिक्षण समोर असते. पुढची वाट शोधायला त्या दिवशी सुरुवात केली, तर उशीर झालेला असतो.

बाबासाहेबांनी आपली पदवी कुठे वापरली?

प्राध्यापकीबाहेर जाणे म्हणजे ज्ञानाचा मार्ग सोडणे, असे ज्यांना वाटते त्यांनी बाबासाहेबांचा जीवनक्रम पुन्हा पाहावा. कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. या दोन्ही पदव्या त्यांनी मिळवल्या. त्यांनी शिकवलेही. १९१८ ते १९२० या काळात ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि पुढे शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पण त्यांच्या संशोधनाचा मोठा उपयोग वर्गाच्या बाहेर झाला.

१९२३ मध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधावर डी.एस्सी. मिळवली. १९२५ मध्ये चलनविषयक रॉयल कमिशनपुढे, म्हणजे हिल्टन यंग कमिशनपुढे, त्यांनी याच अभ्यासाच्या बळावर साक्ष दिली. ते वकिली करत होते, नियतकालिके चालवत होते, संस्था उभारत होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. १९४६ च्या फॅक्टरी कायद्याच्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. चाकणच्या कारखान्यात आज आठ तासांची पाळी करणाऱ्या कामगारापर्यंत बाबासाहेबांची विद्वत्ता पोहोचली, ती अशा सरकारी कामातून.

आपल्या काळातली उदाहरणेही आहेत. डॉ. नरेंद्र जाधव हे कामगाराच्या घरातून आले. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातून अर्थशास्त्रात पीएच.डी. करून त्यांनी तीन दशके रिझर्व्ह बँकेत काम केले, तिथे मुख्य अर्थतज्ज्ञ झाले आणि त्यानंतर २००६ मध्ये पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. यवतमाळ जिल्ह्यातील राजूरचे डॉ. आनंद तेलतुंबडे यांनी अनेक वर्षे भारत पेट्रोलियममध्ये काम केले, पेट्रोनेट इंडियाचे नेतृत्व केले आणि नंतर ते आयआयटी खरगपूरमध्ये शिकवायला गेले. दोघांनीही या काळात लेखन सोडले नाही. बाहेर गेलेला माणूस परत विद्यापीठात येऊ शकतो, हे या दोन उदाहरणांतून दिसते.

वाट पहिली : सरकारी संशोधन संस्था

चिखलीच्या शेजारी भोसरी एमआयडीसीत १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. ती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची संस्था आहे. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, पाषाणची उष्णदेशीय हवामान संस्था, संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा आणि सी-डॅक आहे. भोसरीतच रस्ते वाहतुकीवर काम करणारी सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट आहे.

इथे शिकवण्याची सक्ती नाही, संशोधन हीच नोकरी आहे. सीएसआयआरच्या प्रयोगशाळेत पीएच.डी. धारक ‘सायंटिस्ट’ म्हणून लागतो तेव्हा त्याचे मूळ वेतन ६७,७०० रुपयांपासून सुरू होते. सहायक प्राध्यापकाचे ५७,७०० पासून होते. सीएसआयआरमध्ये या पदासाठी वयोमर्यादा साधारण ३२ वर्षे आहे आणि अनुसूचित जातींना पाच वर्षांची सवलत मिळते. म्हणूनच वयाचा हिशेब पीएच.डी.च्या पहिल्याच वर्षी मांडून ठेवावा.

कायम जागा मिळेपर्यंत या संस्थांत प्रकल्पावरच्या जागा निघत असतात. त्यांच्या जाहिराती संस्थेच्या संकेतस्थळावर येतात आणि मुलाखतीची तारीख अनेकदा जवळचीच असते. प्रकल्पाची नोकरी तात्पुरती असली, तरी तिथले यंत्र, तिथली पद्धत आणि तिथली ओळख पुढे उपयोगी पडते.

वाट दुसरी : कारखान्यातले संशोधन

पिंपरीला संशोधन नवे नाही. १९५४ मध्ये इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषध कंपनी उभी राहिली. तिथल्या शास्त्रज्ञांनी ‘हॅमायसिन’ हे बुरशीविरोधी औषध शोधले. म्हणजे इथला शास्त्रज्ञ कारखान्याच्या आवारात बसून नवे औषध शोधत होता.

आज वाहन उद्योगात बॅटरी, उत्सर्जन, आवाज आणि कंपन, अपघात चाचणी, साहित्यशास्त्र आणि संगणकीय प्रतिरूपण या विषयांत डॉक्टरेट असलेल्यांना काम आहे. एआरएआय ही वाहन संशोधन संस्था १९६६ पासून पुण्यात आहे आणि तिचे एक केंद्र चाकणला आहे. टाटा मोटर्सचे इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर आपल्याच शहरात आहे. औषध आणि लस क्षेत्रात हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट आणि हिंजवडीची जिनोवा ही नावे सर्वांना माहीत आहेत. जिनोवाच्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची मंजुरी मिळाली. भारतात विकसित झालेली ती या प्रकारची पहिली लस.

कोणत्या कंपनीत खरोखर संशोधन चालते हे कसे ओळखायचे? केंद्र सरकारचा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभाग कंपन्यांच्या अंतर्गत संशोधन विभागांना मान्यता देतो आणि त्यांची यादी प्रसिद्ध करतो. त्या यादीतून पिंपरी-चिंचवड, चाकण आणि पुण्यातल्या कंपन्या निवडून काढल्या, की कुठे अर्ज करायचा हे कळते.

जीवशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्राच्या पीएच.डी. धारकांसाठी प्रयोगशाळेबाहेरही कामे आहेत. क्लिनिकल ट्रायलचे नियोजन, औषध मंजुरीची कागदपत्रे तयार करणारा नियामक विभाग, वैद्यकीय लेखन आणि गुणवत्ता नियंत्रण ही त्यांतली काही. या सगळ्यांत प्रबंध लिहिताना लागलेली शिस्त कामाला येते.

वाट तिसरी : पेटंट

१९९५ मध्ये हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने ते आव्हानित केले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुरावा म्हणून मांडून ही लढाई जिंकली गेली. पेटंटचे काम कसे असते ते यातून समजते.

विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी असलेला आणि वयाची २१ वर्षे पूर्ण केलेला भारतीय नागरिक पेटंट एजंटची परीक्षा देऊ शकतो. दोन लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा असते. प्रत्येकात किमान ५० आणि एकूण ६० टक्के गुण लागतात. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर नोंदणी करून स्वतंत्रपणे काम करता येते किंवा कंपनीत, कायदा संस्थेत लागता येते. देशातल्या चार पेटंट कार्यालयांपैकी एक मुंबईत आहे. या परीक्षेला पीएच.डी.ची अट नाही, पण ज्याने शेकडो शोधनिबंध वाचले आहेत त्याला यातले पूर्वशोध तपासण्याचे काम अवघड जात नाही.

वाट चौथी : रिझर्व्ह बँक आणि केंद्रीय सेवा

अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी रिझर्व्ह बँकेच्या ‘ग्रेड बी’ भरतीकडे लक्ष द्यावे. तिथे आर्थिक धोरण संशोधन आणि सांख्यिकी अशा दोन विभागांसाठी वेगळी भरती होते. सर्वसाधारण वयोमर्यादा ३० वर्षे असली तरी पीएच.डी. धारकांना ती ३४ पर्यंत आहे आणि अनुसूचित जातींना त्यावर पाच वर्षे अधिक मिळतात. केंद्र सरकारच्या भारतीय आर्थिक सेवा आणि भारतीय सांख्यिकी सेवा या परीक्षा यूपीएससी घेते. तिथे मर्यादा ३० आणि अनुसूचित जातींना ३५ वर्षे आहे. जाहिरात निघाली की अटी पुन्हा तपासून घ्याव्यात.

इथे एक इशारा द्यायला हवा. पीएच.डी.नंतर ‘एकदा यूपीएससी-एमपीएससी देऊन बघू’ म्हणून सदाशिव पेठेत खोली घेणारे अनेक जण आहेत. त्या परीक्षांना पीएच.डी.चा वेगळा फायदा नाही. प्राध्यापकीची वाट पाहण्यात गेलेल्या वर्षांत आणखी काही वर्षांची भर पडण्याचा धोका मात्र आहे. ज्या परीक्षेत आपला विषय उपयोगी पडतो ती निवडावी आणि किती प्रयत्न करायचे हे आधीच ठरवावे.

वाट पाचवी : सामाजिक संशोधन, सीएसआर आणि पर्यावरण

समाजशास्त्र, समाजकार्य, राज्यशास्त्र, भूगोल या विषयांत आपल्या समाजातले संशोधक मोठ्या संख्येने आहेत आणि ‘आमच्या विषयाला बाहेर कोण विचारतो?’ हा प्रश्न त्यांच्याकडूनच जास्त येतो. इथे दोन कायदे माहीत असले पाहिजेत.

पहिला कंपनी कायदा, २०१३. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटींच्या वर आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. २०२१ च्या नियमांनुसार ज्या कंपनीची ही जबाबदारी सरासरी १० कोटी किंवा अधिक आहे, तिने १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचे परिणाम-मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घेणे बंधनकारक आहे. हे मूल्यमापन म्हणजे नमुना निवडणे, प्रश्नावली करणे, गावात जाऊन माहिती घेणे, तिचे विश्लेषण करणे आणि अहवाल लिहिणे. समाजशास्त्राचा पीएच.डी. धारक पाच वर्षे हेच करत असतो.

दुसरा आधार पर्यावरणाचा. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करावा लागतो. तो करणाऱ्या सल्लागार संस्थांना नॅबेटची मान्यता लागते आणि त्यासाठी हवा, पाणी, जैवविविधता, भूजल तसेच सामाजिक-आर्थिक विषयांचे तज्ज्ञ ठेवावे लागतात. चिखली इंद्रायणीच्या काठावर आहे. त्या नदीत येणारे सांडपाणी आणि आळंदीला दिसणारा फेस आपण वर्षानुवर्षे पाहतो. अशा अहवालांवर पुढे लोकांच्या पाण्याचे आणि जमिनीचे निर्णय होतात. ते लिहिणाऱ्यांत वस्तीचे जगणे माहीत असलेला माणूस असणे गरजेचे आहे.

वाट सहावी : भाषा, पाली, इतिहास

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या भाषांना अभिजात दर्जा दिला. त्याने लगेच नोकऱ्या निर्माण झाल्या असे कोणी समजू नये. पण अनुवाद, संपादन, कोशनिर्मिती, हस्तलिखितांचे जतन, अभिलेखागार, संग्रहालये आणि वारसास्थळांचे मार्गदर्शन ही कामे या विषयांच्या संशोधकांची आहेत. कार्ले, भाजे आणि बेडसे लेणी आपल्या भागापासून जवळ आहेत. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी ज्या देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, तो तर अगदी शेजारी आहे. तिथे येणाऱ्या लोकांना शिलालेख वाचून दाखवणारे अभ्यासू मार्गदर्शक किती आहेत, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारावा.

बाबासाहेबांचे समग्र लेखन आणि भाषणे महाराष्ट्र शासनाने खंडांच्या रूपाने काढली. पहिला खंड १९७९ मध्ये आला. त्या कामाचे संपादक वसंत मून महसूल खात्यातले अधिकारी होते. गेल्या साडेचार दशकांत आंबेडकरी अभ्यासाला सर्वांत मोठा आधार देणारे हे काम विद्यापीठातल्या पदावर बसून झालेले नाही.

वाट सातवी : स्वतःचा उद्योग

आपल्या शोधातून उत्पादन होऊ शकते असे वाटत असेल, तर पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसरात व्हेंचर सेंटर आणि चिंचवडला ऑटो क्लस्टर आहे. जैवतंत्रज्ञानातल्या नव्या कल्पनेसाठी बायरॅकच्या ‘बिग’ योजनेतून ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. अनुसूचित जातींच्या तरुणांसाठी आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इनक्युबेशन मिशन २०२० मध्ये सुरू झाले. त्यात निवड झाल्यास तीन वर्षांत ३० लाखांपर्यंत भांडवल देण्याची तरतूद आहे. दलित उद्योजकांची डिक्की ही संघटना २००५ मध्ये पुण्यातच सुरू झाली. पण घरात दुसरा पगार नसेल, तर आधी नोकरी आणि मग उद्योग हा क्रम बरा.

जात बाहेरही भेटते

खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. तिथे गेल्यावर जात संपते, असे सांगणारे खोटे सांगतात. १९१७ मध्ये कोलंबियातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि काही दिवसांतच ते शहर सोडावे लागले. त्यानंतर जवळपास नव्वद वर्षांनी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी एक पाहणी केली. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे त्यांनी खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी होती, फक्त आडनावे वेगळी होती. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशाने कमी निघाली.

हे सांगण्यामागे घाबरवण्याचा हेतू नाही. नुसता अर्ज टाकून वाट पाहणे आपल्याला इतरांपेक्षा महाग पडते, हे लक्षात यावे म्हणून सांगत आहोत. जिथे ओळखीने माणूस आत शिरतो, तिथे आपलीही ओळख उभी करावी लागेल.

सरकारी भरतीसाठी मात्र कागदपत्रे वेळेत हवीत. महाराष्ट्रात नवबौद्धांच्या सवलती आधीपासून आहेत, पण केंद्रात धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा १९९० च्या दुरुस्तीने मिळाला. केंद्राच्या नोकरीसाठी केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला लागतो. त्यावर मूळ जातीची नोंद नसल्यामुळे ऐन वेळी अडकलेले तरुण आपल्यात आहेत. हा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र जाहिरात येण्याआधीच हाताशी ठेवावे.

तयारी कधी आणि कशी?

२०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहे. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळतात, आणि महिलांना व दिव्यांगांना त्यावर आणखी दोन. या काळाची वाटणी अशी करावी, असे आम्हाला वाटते.

पहिल्या वर्षी विषय निवडतानाच विचारावे की या अभ्यासाचा उपयोग विद्यापीठाबाहेर कोणाला होईल. सोबत वयाचा तक्ता करावा. कोणती संधी कोणत्या वर्षी बंद होते, ते एका कागदावर लिहून ठेवावे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी बाहेर चालेल असे एक कौशल्य पक्के करावे. सामाजिक शास्त्रांसाठी सांख्यिकी सॉफ्टवेअर आणि इंग्रजीत अहवाल लिहिणे, विज्ञानासाठी एखादे महत्त्वाचे यंत्र किंवा पेटंटचा अभ्यास, भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी अनुवाद आणि संपादन. फेलोशिप घेताना दुसरी पगारी नोकरी करता येत नाही, पण शिकण्याला बंदी नाही.

चौथ्या वर्षापासून दर महिन्याला दोन तरी अशा माणसांशी बोलावे, जी आपल्याच विषयात पीएच.डी. होऊन बाहेर काम करतात. नोकरी मागू नका, काम कसे चालते ते विचारा. प्रबंध सादर होण्याच्या किमान एक वर्ष आधी अर्ज सुरू करावेत.

अर्जाची भाषाही बदलावी लागते. समजा, तुमचा प्रबंध चाकण पट्ट्यातल्या कंत्राटी कामगारांवर आहे. विद्यापीठाच्या अर्जात तुम्ही शीर्षक, मार्गदर्शक आणि शोधनिबंध लिहिता. कंपनीच्या किंवा संस्थेच्या अर्जात लिहावे : तीनशे कामगारांची पाहणी स्वतः आखली, चार गावांत मुलाखती घेतल्या, माहितीचे विश्लेषण केले, ठरल्या मुदतीत अहवाल पूर्ण केला. काम तेच आहे, समोरच्याला कळेल असे सांगायचे आहे. सगळे मिळून दोन पाने पुरतात.

जे आधीच कारखान्यात किंवा कार्यालयात नोकरी करतात, त्यांनी उलट दिशेनेही विचार करावा. २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे, मात्र नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. पगार चालू ठेवून पदवी मिळवणे हा आपल्या घरांना परवडणारा मार्ग आहे.

मग विद्यापीठे त्यांच्याच हाती सोडायची?

हा आक्षेप आम्हाला अनेक कार्यकर्ते घेतात आणि तो रास्त आहे. विद्यापीठात काय शिकवायचे, कोणाला मार्गदर्शन द्यायचे, कोणाचा प्रबंध अडवायचा हे तिथे बसलेली माणसे ठरवतात. आपली माणसे तिथे नसतील तर पुढच्या पिढीचे नुकसान आहे. म्हणून राखीव जागांचा अनुशेष भरा, तासिका पद्धत बंद करा, मुलाखतीत पारदर्शकता आणा या मागण्यांचा जोर कमी करण्याचे कारण नाही.

पण ही लढाई एकेका संशोधकाने उपाशी राहून लढायची नसते. तासिकेवरचा प्राध्यापक पुढच्या वर्षीच्या अर्जाच्या भीतीने गप्प बसतो, कारण त्याचे पोट त्याच संस्थेवर आहे. ज्याच्या घरात दुसरीकडून पगार येतो, तो माहितीच्या अधिकारात अर्ज करू शकतो, न्यायालयात जाऊ शकतो, आंदोलनाला पैसे देऊ शकतो. शिवाय बाहेरून परत येण्याची वाट पूर्ण बंद नाही. आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही तरतूद आणली. त्यात किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला विद्यापीठात ठराविक काळासाठी शिकवता येते. ती कायम जागांची जागा घेऊ शकत नाही आणि तिने घेऊही नये. पण आपल्या लोकांनी ती माहीत करून घ्यावी.

विहारांनी आणि मंडळांनी काय करावे?

जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग यासाठी वापरता येईल. चिखली ते चाकण या पट्ट्यातल्या आपल्या पीएच.डी. धारकांची आणि संशोधकांची एक यादी करावी. कोण कुठल्या विषयात आहे, कोण कुठे काम करतो, कोण नव्या मुलांना वेळ देईल हे तिच्यात असावे. वर्षातून दोनदा विहारात बैठक घ्यावी. तिथे भाषणे नकोत, अर्ज तपासून द्यावेत आणि मुलाखतीचा सराव घ्यावा. केंद्राच्या नमुन्यातल्या दाखल्यासाठी एक शिबिर भरवावे. एखाद्याने प्रयोगशाळेतली नोकरी, पेटंटचे काम किंवा संस्थेतले पद घेतले, तर त्याचाही सत्कार प्राध्यापकाइतक्याच मानाने करावा.

आणि नव्याने पीएच.डी. झालेल्या मुलीला किंवा मुलाला भेटल्यावर "कुठल्या कॉलेजला लागलात?" असे विचारू नये. "अभ्यास कशावर केला आणि तो कोणाच्या कामी येईल?" असे विचारावे. त्याचे उत्तर ऐकून घेतले, तर आपल्यापैकीच कोणीतरी त्याला पुढचे दार दाखवू शकेल.